आधी गल्ली बघा, मग घर

आजवर मी जे काही लिहिलं ते एका पुठ्ठ्यावर मावेल एवढंच. ‘रूम भाड्याने देणे आहे. चौकशी आत करावी.’ त्यामुळे दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हणून फोन आला, तेव्हा मी त्या संपादकबाईंना म्हटलं, "अहो, मी एजंट. आमचं नाव निघालं की लोक तोंड वाकडं करतात. माझं कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "तोंड का वाकडं करतात तेच लिहा." म्हणून लिहायला बसलेय. नाही आवडलं तर त्यांना बोला, मला नको.

मी परबकाकू. परळला मेडिकल कॉलेजच्या मागच्या रस्त्यावर आमचं झेरॉक्सचं दुकान होतं. यजमान मशीनवर, मी गल्ल्यावर. नोट्स काढायला आलेली मुलं जाता जाता विचारायची, "काकू, इथे कुठे रूम मिळेल का हो?" मी लालबागची, तिथेच जन्मले, तिथेच दिली गेले. कुणाकडे खोली रिकामी आहे, कुणाची सून भांडून माहेरी गेलीय, कुठे पाणी चढत नाही, सगळं तोंडपाठ. मी सांगत गेले, मुलं जात गेली. पुढे यजमान गेले, झेरॉक्सचा धंदा मोबाइलने अर्धा खाल्ला आणि मी एजंट म्हणून ओळखली जाऊ लागले. दुकान दोन वर्षांपूर्वी बंद केलं. आता गुडघे परवानगी देत नाहीत.

लोकांना वाटतं एजंटचं काम म्हणजे घर दाखवणं. अहो, त्यात काय आहे? दार उघडायचं, पंखा लावायचा, नळ सोडून दाखवायचा आणि खिडकीतून समोरची भिंत दिसत असेल तर खिडकीसमोर आपण उभं राहायचं. हे कोणीही करेल. खरं काम म्हणजे समोरच्या माणसाला कुठली गल्ली मानवेल ते ओळखणं. घरात माणूस झोपायला येतो. राहतो तो गल्लीत. वीस वर्षांच्या पोराला खानावळ जवळ लागते, लग्न झालेल्यांना पाळणाघर लागतं आणि सत्तरीच्या माणसाला चार पावलं चालल्यावर बसायला बाकडं लागतं. मी म्हाताऱ्या गिऱ्हाइकांसाठी घरापासून भाजीवाल्यापर्यंत बसायच्या जागा मोजून ठेवायची. दुकानाच्या पायऱ्यासुद्धा धरायची, पण ज्या पायरीवरून दुकानदार उठवतो ती नाही.

गिऱ्हाईक आलं की मी किती खोल्या हव्यात हे शेवटी विचारायची. आधी विचारायची, सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? दुपारी कोण असतं घरात? आणि ताप आला तर पाणी कोण देणार? ह्या तिसऱ्या प्रश्नाला लोक जरा गप्प होतात. त्या गप्प बसण्यावरून मला कळायचं ह्यांना कुठे न्यायचं.

एक देसाई सर होते, कॉलेजातून निवृत्त झालेले, फिजिक्सचे. त्यांना शिवाजी पार्कच हवं. सकाळचं फिरणं, बरोबरीचे लोक, झाडं, सगळं त्यांनी मला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं. बाई शेजारी गप्प. मी विचारलं, "सर, दुपारी दोन ते पाच काय करता?" म्हणाले, "वाचतो." मी बाईंना विचारलं, "आणि तुम्ही?" त्या म्हणाल्या, "मी ह्यांच्याकडे बघत बसते." संपलं! बाईंची बहीण गिरगावात होती. तिच्यापासून दोन इमारती सोडून घर बघून दिलं. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आता अधूनमधून बस पकडून पार्कात फिरायला जातात आणि दुपारी दोघी बहिणी पत्ते खेळतात, तेव्हा तिसरा भिडू म्हणून बसतात.

असे पुष्कळ जमले. फसलेही थोडे. पण लिहायचंच तर मी ती गोष्ट लिहिणार, जिच्यात मी स्वतःच्या गल्लीतच तोंडावर आपटले.

अश्विनी माझ्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा अठराची होती. वाशीमकडची. वडील शाळेत मास्तर, ते बरोबर. मेडिकलला नंबर लागलेला, पण हॉस्टेल मिळायला वर्ष जाणार होतं. मास्तरांना शांत जागा हवी होती, माटुंग्याच्या एखाद्या झाडांच्या गल्लीत. मी त्यांना भोईवाड्यात एका खानावळीच्या वरची खोली दाखवली. पहाटे पाचपासून खाली टोप आपटतात, फोडणीचा ठसका वर येतो. मास्तरांनी खिशातून चक्क होकायंत्र काढलं. "पोरीचं डोकं दक्षिणेले पाहिजे, बाई."

"काका, डोकं कुठेही करू दे," मी म्हटलं. "आधी पोट कुठे भरेल ते बघा."

नाखुशीनेच ठेवलं त्यांनी. महिन्याने ती झेरॉक्सला आली तेव्हा सांगत होती, "काकू, पहिल्या आठवड्यात रोज रडायचे. पण रडून झालं की खालून खानावळवाल्या मावशी हाक मारायच्या, ‘जेवतलंस ना गो?’ मग तोंड धुऊन खाली जायचे." ती त्या घराला वर्षभर चिकटून राहिली. हॉस्टेल मिळालं तेव्हा जाताना दोघी रडल्या, ती आणि मावशी.

पुढे शिकली, डॉक्टर झाली, त्याच कॉलेजात शिकवायला लागली. लग्न केलं. सौरभ तिच्याच गावाकडचा, लोअर परळला कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरवर. दोघांनी ठाण्याच्या पलीकडे मोठं घर घेतलं. दोन बेडरूम, बाल्कनी, खाली पोहण्याचा तलाव. पेढे द्यायला आली तेव्हा मला म्हणावंसं वाटलं, अगो, कामाला परळला येणारी तू, तिकडे काय पोहणार आहेस? पण मला विचारलं कुठे होतं कोणी? मी पेढा खाल्ला.

मग काही वर्षांनी एक दिवस ती दुकानात आली. तिथली सगळी गिऱ्हाइकं जाईपर्यंत कोपऱ्यात उभी राहिली. मी स्टूल पुढे केलं.

"काकू, मागच्या वर्षी आमचं बाळ गेलं," ती म्हणाली. "पाचव्या महिन्यात. घरून निघालो आणि टोलनाक्याच्या रांगेत दीड तास उभे होतो."

मी मशीन बंद केलं.

"मी डॉक्टर आहे ना. मला कळत होतं काय होतंय ते. आणि मी मागच्या सीटवर बसून पुढच्या गाडीचा नंबर वाचत होते. वेळेत पोचलो असतो तरी वाचलं असतं असं नाही. पण ते मला आता कधीच कळणार नाही." मग पदर नीट केला आणि म्हणाली, "परत तिसरा महिना चालू आहे. अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला हॉस्पिटलच्या इतकं जवळ घर द्या, की गाडीच नको. मी माझ्या पायांनी चालत जाईन."

एवढ्या वर्षांत मला कोणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं की घर कशासाठी हवंय.

आमच्याच गल्लीत, जुनी चाळ पाडून उभी राहिलेली इमारत होती. दुसऱ्या माळ्यावर दोन खोल्या, लिफ्ट, समोर दूधवाला, खाली केमिस्ट. तिथून हॉस्पिटलचं गेट पाच मिनिटांवर. एजंटची पाच मिनिटं म्हणजे पंधरा, हे आता सगळ्या मुंबईला माहीत आहे, म्हणून मी तिच्याबरोबर तीनदा चालून दाखवलं. हळू चालून, पिशवी घेऊन चालून. बाळंतपणाची तारीख विचारली. सप्टेंबरचा चौथा आठवडा म्हणाली.

सौरभ हुशार मुलगा. खोलीत उभं राहून त्याने जे विचारायचं तेच विचारलं. "मॅडम, इथे गणपतीत प्रचंड गर्दी असते ना? रस्ते बंद असतात असं ऐकलंय."

आता हे मला विचारायचं? लालबागच्या बाईला? मी तिथल्या तिथे बोटांवर मोजलं. "अहो, गेल्या वर्षी गणपती ऑगस्टच्या शेवटी आले. दर वर्षी अकरा दिवस अलीकडे सरकतात. म्हणजे यंदा ऑगस्टातच येणार आणि ऑगस्टातच जाणार. सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात इथे मांडवाचा बांबूसुद्धा दिसायचा नाही. निश्चिंत राहा."

इतक्या ठसक्यात सांगितलं की त्याने कॅलेंडर बघितलं नाही आणि मीही नाही. पाडव्याला ती दोघं राहायला आली. त्या दिवशी मी घरी गुढी उभारली, नव्या पंचांगाला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला. उघडलं मात्र नाही.

वाचणाऱ्यांपैकी बायकांना एव्हाना कळलं असेल. त्या वर्षी अधिक महिना होता. अधिक श्रावण. दर दोन-तीन वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा घुसतो आणि पुढचे सगळे सण अलीकडे सरकायचे ते पलीकडे ढकलले जातात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही हो. पण अधिक लक्षात राहतो तो लेकीच्या आयांना. जावयाला बोलवायचं, अनारशाचं वाण द्यायचं, पायाखाली पाट मांडायचा, म्हणून त्या सहा महिने आधीपासून धोंड्याचा महिना धोंड्याचा महिना करत असतात. मला एकच मुलगा. लेक नाही, जावई नाही, वाण नाही. माझ्या घरात अधिकाची आठवण करून देणारं कोणीच नव्हतं.

मला कळलं ते झेरॉक्स मशीनवर. आमच्या गल्लीतल्या मंडळाचा सेक्रेटरी नंदू, पन्नाशीचा असेल, वाहतूक बंदचा अर्ज घेऊन आला. "काकू, वीस कॉप्या मारा. ह्या टायमाला आपण निवांत, अधिक आहे ना! डेकोरेशनला महिना एक्स्ट्रा." मी कागद काचेवर ठेवला, बटण दाबलं. पहिली प्रत बाहेर आली. त्यावर तारखा होत्या. सप्टेंबरचा तिसरा आठवडा सुरू होतो तिथपासून चौथा संपेपर्यंत, गल्ली दोन्ही तोंडांनी बंद. दुसरी प्रत आली, तिसरी आली. वीस वेळा ती तारीख माझ्यासमोर येऊन पडली.

"काकू, काय झालं? बरं वाटत नाही काय?" नंदू विचारत होता.

"मेल्या, घेऊन जा तुझे कागद," मी म्हटलं आणि शटर अर्धं ओढून बसले.

ज्यांनी लालबागचे गणपती बघितले नाहीत त्यांना सांगते. त्या दिवसांत आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. दर्शनाची रांग फुटपाथवरून वळून वळून येते, घरचा माणूस दूध आणायला निघाला तर त्याला कार्यकर्त्याला ओळख दाखवावी लागते. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, उलट ते अकरा दिवस नसते तर आम्ही वर्षभर जगलो कशाला असं वाटलं असतं. पण कळा सुरू झालेली बाई त्या रांगेतून काढायची? तीही अश्विनी, जिला वाटेत अडकण्याचं सोडून जगात दुसरी भीती नव्हती? आणि तिला तिथे नेऊन बसवली होती मी.

रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी उठून तिच्याकडे गेले. दोघं चहा पीत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. सरळ. माझी चूक झाली, अधिक विसरले.

सौरभने कप खाली ठेवला. "मी विचारलं होतं तुम्हाला. ह्याच खोलीत उभं राहून विचारलं होतं."

"हो."

"आम्ही बाहेरचे. आम्हाला काय माहीत असणार? तुम्ही इथल्या ना? तुमच्या शब्दावर आलो आम्ही. तिचं काय झालंय ते माहीत होतं तुम्हाला." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलत होता.

अश्विनी म्हणाली, "काकू, आधी बसा. दम लागलाय तुम्हाला." मग पोटावर हात ठेवला. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. "म्हणजे त्या अकरा दिवसांत मी इथे नसायला हवं. इतकंच ना?"

"इतकंच."

"मग तेवढ्या दिवसांसाठी दुसरीकडे जागा बघा. हे कामच आहे ना तुमचं?"

"पुन्हा ह्यांच्यावर विश्वास ठेवायचा?" सौरभ म्हणाला.

ते वाक्य मला कितीतरी दिवस टोचत राहिलं. खोटं असतं तर टोचलं नसतं.

कामाला लागले. गणपतीच्या दिवसांत दादर-परळमध्ये रिकामी खोली मागणं म्हणजे काय, ते मला त्या महिन्यात कळलं. ज्याच्या त्याच्या घरी गणपती, ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. ज्यांचे गणपती गावाला, ते घराला कुलूप लावून कोकणात निघालेले, आणि किल्ली द्यायला तयार नाहीत. शिवाजी पार्कला एक ओळखीच्या बाई होत्या, मागे त्यांच्या खोलीत मी मुली ठेवल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इश्श, गणपतीत घरात बाळंतीण? सोवळं असतं हो आमच्याकडे. सुवेर नाही का लागायचं?"

"अहो बाई, सुवेर रक्ताच्या नात्याला. भाडेकरणीचं तुम्हाला कसं लागेल? आणि बाळंतपण हॉस्पिटलात होणार, तुमच्या देवघरात नाही."

नाही म्हणाल्या त्या नाहीच. नऊ घरं झाली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गणपतीत खोली रिकामी कुणाची असणार? ज्यांच्याकडे गणपतीच नाही त्यांची.

दादरला चर्चच्या मागच्या गल्लीत मिस डिमेलो राहायच्या. त्यांचं घराणं तिथलं मूळचं, दादरला रस्तेही नव्हते तेव्हापासूनचं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, वय ऐंशीच्या आसपास, एकट्या. भाऊ वारल्यापासून त्याची खोली रिकामी होती. आम्हा सगळ्या एजंटांना ते माहीत होतं आणि त्या कुणालाच देत नाहीत हेही माहीत होतं. मी स्वतः चार वेळा जाऊन जाळीच्या दारातूनच परत आले होते. दरवेळी मी एजंटासारखं बोलायची. मॅडम, चांगली पार्टी आहे, फॅमिली आहे, त्रास देणार नाहीत. दरवेळी आतून एकच शब्द यायचा, "नो."

ह्या वेळी दार उघडायच्या आधीच मी म्हटलं, "मिस डिमेलो, मी फसलेय. माझ्या चुकीमुळे एका गरोदर पोरीचे हाल होणार आहेत. ऐकून तरी घ्या."

त्यांनी दार उघडलं. पहिल्यांदाच. मी सगळं सांगितलं, अधिक महिन्यासकट. त्या ऐकता ऐकता हसायला लागल्या.

"काय गो परब, तुमचा देव तारीख बदलतो आणि तुम्हालाच ठाऊक नाय? आमचा नाताळ बघ, पंचवीस डिसेंबर म्हणजे पंचवीस डिसेंबर." मग एकदम हसू थांबवून म्हणाल्या, "पण ईस्टर फिरतं हां. एका वर्षी माझ्या आईनं ईस्टरचा हिशोब चुकवला नि अख्ख्या चाळीस दिवसांचा उपास आठ दिवस लेट चालू केला. फादरनं भर चर्चमधी झापली तिला." थोडा वेळ भावाच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिल्या. "घेऊन ये पोरीला. पण फोनवर मोठ्यानं बोलायचं नाय. नि चप्पल बाहेर."

गणपतीच्या आदल्या दिवशी अश्विनी, सौरभ आणि वाशीमहून आलेली सौरभची आई, तिघं त्या खोलीत राहायला गेली. मिस डिमेलोंनी स्वतः पडदे धुतले होते. संध्याकाळी त्या अश्विनीला हात धरून चर्चच्या आवारात फिरवायच्या. सासूबाईंना आधी जरा अवघड गेलं. नंतर दोघी म्हाताऱ्या स्वयंपाकघरात शेजारी बसून लसूण सोलायला लागल्या. एकीची वऱ्हाडी, दुसरीची जुन्या दादरची मराठी. काय बोलायच्या देव जाणे, पण हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत यायचा.

आणि मी? मी आमच्या घरच्या गणपतीपुढे रोज आरतीला उभी राहायची आणि आयुष्यभराच्या सवयीने घासाघीस करायची. बाप्पा, अकरा दिवस थांबव तिला. आठ तरी. बरं, निदान मिरवणुकीचा दिवस तेवढा सोड. दादरहून परळही त्या दिवसांत सोपं नसतं, पण सौरभने दोन रस्ते पाठ करून ठेवले होते, आणि फोन वाजला की मी आरती अर्धी टाकून धावायची.

बाळ काही आलं नाही. तारीख उलटली, चतुर्दशी झाली, विसर्जन झालं, बाळ आपलं आत मजेत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस बघू, नाहीतर भरती करून घेऊ. सौरभ म्हणाला, आता इथेच थांबू या. अश्विनी म्हणाली, "नाही. मला माझ्या घरून चालत जायचंय. मी तेवढ्यासाठीच ते घर घेतलंय." मिस डिमेलोंनी तिच्या कपाळावर क्रूस काढला आणि सासूबाईंनी मिस डिमेलोंची खणानारळाने ओटी भरली. अविवाहित बाईची ओटी भरतात की नाही असले प्रश्न त्या दिवशी कोणाला पडले नाहीत. त्या खोलीत तेव्हापासून मेडिकलच्या मुली राहतायत. आवाज केला की ओरडा खातात आणि परीक्षेच्या दिवशी अंडं खाऊन जातात.

तर ते सगळे संध्याकाळी परत आमच्या गल्लीत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मला फोन. "काकू, सुरू झालंय. निघतोय आम्ही. येता?"

मी गाउनवर ओढणी टाकली आणि धावले. बघते तर काय, मांडव उतरवायचं काम चालू. बांबू आडवे, पडद्यांचे ढीग आणि गल्लीच्या तोंडाशी मंडपवाल्याचा टेम्पो असा आडवा, की टॅक्सी काय, सायकलसुद्धा आत आली नसती. त्यात लाल खुर्च्या चढवत होते. इमारतीतून अश्विनी बाहेर आली, सौरभच्या हातात बॅग आणि फाइल, मागे सासूबाई. तिने तो टेम्पो बघितला. मला वाटलं, आता ही कोसळणार. पण ती म्हणाली, "चला."

वीस-पंचवीस पावलं चालली आणि कळ आली. सौरभचा दंड धरून वाकून उभी राहिली. टेम्पोवर उभ्या नंदूने बघितलं. काही विचारलं नाही त्याने. ढिगातली एक खुर्ची काढून तिच्यामागे आणून ठेवली. ती बसली. कळ गेल्यावर उठली. तोवर नंदूने दुसरी खुर्ची पंचवीस पावलांवर पुढे नेऊन ठेवली होती आणि मंडपवाल्याचे लोक दोन-दोन खुर्च्या डोक्यावर घेऊन पुढे चालले होते. केमिस्टपाशी एक. बंद झालेल्या बँकेच्या पायरीपाशी एक. वळणावर एक. थेट सिग्नलपर्यंत लाल खुर्च्या मांडल्या त्यांनी. रात्रभर विसर्जन मिरवणुकीत नाचून परत एक दिवस राबलेले लोक ते, डोळे तारवटलेले, आवाज बसलेले. कोणी कोणाला ऑर्डर सोडली नाही. दूधवाला पाण्याची बाटली घेऊन शेजारून चालत होता.

"माय वो," सासूबाई सारख्या म्हणत होत्या, "हे लोक कोन हायेत बाई? तुमचे नातेवाईक काय?"

"गल्लीतले आहेत," मी म्हटलं.

अश्विनी पाच खुर्च्यांवर बसली. बाकीच्या ओलांडून गेली. सिग्नलला हवालदाराने दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि ती रस्ता ओलांडून हॉस्पिटलच्या गेटातून आत गेली. व्हीलचेअर आणली तर हाताने बाजूला सारली. स्वतःच्या पायांनी गेली. मी फुटपाथवर उभी राहून रडले. नंदूही रडला, पण तो म्हणतो त्याच्या डोळ्यांत गुलाल गेला होता.

दुपारी तीनला मुलगी झाली. दोघी छान.

दुसऱ्या दिवशी बघायला गेले. सौरभ दारातच भेटला. "काकू, मी त्या दिवशी तुम्हाला जरा…"

"बरोबर बोललास तू," मी म्हटलं. "पुढचं घर घेतानाही एजंटला असंच बोल. आणि कॅलेंडर स्वतः बघ."

आत अश्विनी आडवी होती, पोरगी कुशीत. चिमुकल्या मुठी आवळून झोपलेली. मी जवळ बसले. इतके महिने पोटात ठेवलेलं बाहेर आलंच. "पोरी, मला माफ कर गं. तू एवढ्या विश्वासाने आलीस आणि मी तुला घर चुकीचं दिलं."

तिचे डोळे अर्धे मिटलेले होते. मला वाटलं ऐकलंच नाही. मग तिने पोरीच्या अंगावरचं दुपटं नीट केलं आणि म्हणाली,

"घर नाही चुकलं काकू. महिना चुकला."